अंगावरची भीती आणि जवळचा धीर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्यभर अनुवाद केला आणि अनुवाद शिकवला. म्हणून आजचा विषय अनुवादातलाच घेतला आहे: आयरिश भाषेतले भीतीचे आणि धैर्याचे शब्द इंग्रजीत जातात तेव्हा त्यांचं काय होतं. विषय लांबचा वाटेल. पण आयर्लंडबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे, ते जवळजवळ सगळं इंग्रजीच्या वाटेनं आलेलं आहे. त्या वाटेवर काय काय सांडलं, हे बघणं आपल्याही कामाचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आयरिश म्हणजे आयर्लंडच्या ढंगाची इंग्रजी नव्हे. ती केल्टिक कुळातली स्वतंत्र भाषा आहे. 1937 च्या राज्यघटनेनं तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला, आणि घटनेच्या आयरिश व इंग्रजी पाठांत विरोध आला तर आयरिश पाठ ग्राह्य धरला जातो. पण रोजच्या घरगुती व्यवहारात ती बोलणारे प्रदेश आता मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावर उरले आहेत. 1845 पासूनच्या दुष्काळात आयरिश बोलणारी गरीब खेडीच सर्वांत जास्त उजाड झाली. त्याच शतकात अनेक ठिकाणी शाळकरी पोरांच्या गळ्यात एक काठी अडकवत. पोर आयरिश बोललं की काठीवर एक खाच, आणि दिवसाअखेरी खाचा मोजून मार. मुलांना इंग्रजी यावी म्हणून आईबापही याला साथ देत. भीतीचे शब्द ज्या भाषेतून आज आपण उचलणार आहोत, ती भाषा बोलण्याचीच भीती पोरांच्या मनात घातली गेली होती. हे मनात ठेवून पुढं जाऊ.

आता व्याकरण. इंग्रजीत माणूस भ्यालेला असतो. वाक्याचा कर्ता तो, आणि भ्यालेला हे त्याचं विशेषण. आयरिशमध्ये म्हणतात, 'ता अग्ला ओरम'. 'ता' म्हणजे आहे, 'अग्ला' म्हणजे भीती, 'ओरम' म्हणजे माझ्यावर. भीती माझ्यावर आहे. इथं कर्ती भीती. भूक, तहान, लाज, आनंद, दुःख हे सगळं आयरिशमध्ये असंच माणसाच्या वर असतं. धैर्याची जागा वेगळी आहे. 'ता मिश्नाख अगम', मिश्नाख माझ्यापाशी आहे. पैसा, घरदार, माहिती या गोष्टी जशा माणसापाशी असतात तसंच धैर्यही. भाषासुद्धा पाशीच असते: मला आयरिश येते असं सांगायचं तर 'आयरिश माझ्यापाशी आहे' असं म्हणावं लागतं.

मराठी कानाला यात परकं काही नाही. आपल्याला भीती वाटते, आपल्याकडे पैसे असतात. 'असणे' आणि 'जवळ असणे' यांवर आपला संसार चालतो. इंग्रजीसारखं मालकी सांगणारं वेगळं क्रियापद आपल्याकडेही नाही. म्हणून आयरिश वाक्य मराठीत आणताना जी ओढाताण व्हायला हवी, ती फारशी होतच नाही.

'भिऊ नकोस' याला आयरिशमध्ये 'ना बीख अग्ला ओर्त' म्हणतात. भीती तुझ्यावर नसो. आज्ञा आहे खरी, पण ती माणसाला सोडलेली नाही, भीतीला सोडलेली आहे. इंग्रजी आई पोराला सांगते की तू असा होऊ नकोस. आयरिश आई पोराला काहीच सांगत नाही, त्याच्या अंगावर आलेल्या गोष्टीला हटकते. आयरिश बायबलातला देवदूत मेरीला धीर देतो तोही याच घडणीचं वाक्य बोलून.

इथं अनुवादकानं फार जपून पाऊल टाकायला हवं. गॉलवेचा शेतकरी 'ता अग्ला ओरम' म्हणतो तेव्हा त्याला खांद्यावर काही येऊन बसल्याचा भास होत नसतो. ते त्याचं साधं, झिजलेलं, रोजचं वाक्य असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेडी ग्रेगरी आणि जॉन मिलिंग्टन सिंग या लेखकांनी आयरिशच्या हाडांवर इंग्रजीचं मांस चढवून एक नवी शैली घडवली, आणि तीत भीती माणसांवर येऊन बसू लागली. तिचं सौंदर्य मी नाकारत नाही; सिंगची नाटकं मला आजही हलवतात. पण डब्लिनच्या आणि लंडनच्या प्रेक्षकांना ती वाक्यं पुरातन, मंतरलेली वाटली. ज्यानं नुसतं 'मला भीती वाटते' म्हटलं होतं, त्याच्या तोंडी मंत्र आला. त्यातून आयरिश माणूस म्हणजे अर्धा भाविक, अर्धा स्वप्नाळू अशी जी प्रतिमा रुजली, तिच्यात या शब्दशः अनुवादाचाही वाटा आहे. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक ठिकाणी साधं इंग्रजी वाक्य पुरतं आणि तेच प्रामाणिक असतं. भीती कुठून आली आणि धीर कुणी दिला, हाच जेव्हा मजकुराचा गाभा असतो, तेव्हा मात्र साधं वाक्य अपुरं पडतं.

अशा एका जागेपाशी थोडं थांबू या. सिंग 1898 मध्ये प्रथम अरन बेटांवर गेला. इनिश म्यान या मधल्या बेटावर तो राहिला, तिथली आयरिश शिकला आणि 1907 मध्ये त्या बेटांवरचं पुस्तक त्यानं प्रसिद्ध केलं. तिथले लोक 'कुरख' नावाच्या होडीतून समुद्रात जात. लाकडी पट्ट्यांचा हलका सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं डांबर फासलेलं कापड, एवढीच ती होडी. एका म्हाताऱ्या कोळ्याचं बोलणं सिंगनं टिपून ठेवलं आहे. त्याचा आशय असा की, जो समुद्राला भीत नाही तो लवकर बुडतो, कारण जाऊ नये त्या दिवशी तो जातो; आम्ही मात्र समुद्राला भीत असतो, म्हणून अधूनमधूनच बुडतो.

या बोलण्यातलं 'भीत असतो' हे रूप लक्षात घ्या. आयरिशमध्ये 'आहे'ला दोन रूपं आहेत. आत्ता आहे तर 'ता', आणि नेहमी असतं तर 'बीन'. प्रमाण इंग्रजीच्या वर्तमानकाळात हा भेद नाही. आयरिश माणसं इंग्रजी बोलू लागली तेव्हा त्यांना ही उणीव टोचली, आणि 'डू बी' असं एक रूप घडवून त्यांनी ती भरून काढली. शाळामास्तरांनी ते अशुद्ध ठरवलं. त्या कोळ्याच्या बोलण्यात तेच 'डू बी' आहे आणि सिंगनं ते जसंच्या तसं ठेवलं, हे त्याचे उपकार. ते सुधारून 'आम्हाला समुद्राची भीती वाटते' एवढंच लिहिलं असतं, तर म्हातारा भित्रा ठरला असता. 'भीत असतो' म्हटल्यावर कळतं की ही भीती म्हणजे नेम आहे. आभाळ बघणं, लाटा मोजणं, बापाकडून ऐकलेल्या खुणा आठवणं आणि मग होडी उचलायची की नाही हे ठरवणं, हे सगळं तिच्यात येतं. मराठीला हे रूप विनासायास मिळतं, कारण 'आहे' आणि 'असतो' हा भेद आपल्याकडे पहिल्यापासून आहे. एखादा मराठी अनुवादक इंग्रजीच्या प्रभावाखाली 'आम्ही घाबरतो' असं काही लिहून मोकळा झाला, तर हातात असलेली गोष्ट त्यानं टाकून दिली असं मी म्हणेन.

त्या पश्चिमेच्या बेटांवर भीतीला रोजचा शब्द आहे 'फात्यीस'. कोशात त्याचे अर्थ भीती, धास्ती आणि त्याबरोबरच भिडस्तपणा असे दिलेले सापडतात. पाहुण्यांसमोर पोर आईच्या मागं लपतं तेव्हाही 'फात्यीस', आणि वादळ येतं तेव्हाही 'फात्यीस'. इंग्रजीला इथं दोन शब्दांतून एक निवडावा लागतो. आपल्याकडे 'बुजणं' आहे: पोर बुजतं, पाहुणा बुजतो, घोडा बुजतो. वादळाला ते पुरणार नाही, पण भीड आणि भीती यांच्या सीमेवरची जागा त्यानं नेमकी धरली आहे.

दुसरा शब्द 'स्काह', आणि मला हा सर्वांत समृद्ध वाटतो. स्काह म्हणजे सावली. स्काह म्हणजे आडोसा, आसरा. पावसाची स्काह म्हणजे छत्री. आणि स्काह म्हणजे भीती, संकोच. माणसं एकमेकांच्या स्काहमध्ये जगतात, अशी एक आयरिश म्हण फार प्रसिद्ध आहे. इंग्रजीत तिचं भाषांतर करताना कुणी 'सावली' लिहितं, कुणी 'आसरा'. सावली लिहिली तर एक जण दुसऱ्याला झाकोळतो असा सूर लागतो. आसरा लिहिला तर म्हणीतली काळोखी छटा जाते. मराठीत सावलीपासून 'सावट' झालं आणि छायेपासून 'छत्रछाया', म्हणजे भीती आणि संरक्षण या दोन्ही बाजू आपल्या भाषेलाही ठाऊक आहेत. आयरिशनं त्या एकाच शब्दात ठेवल्या, एवढाच फरक. आयरिश वीरकथांचा नायक कू खुलिन याला युद्धविद्या शिकवणारी स्त्री स्काहाख हिचं नावही याच शब्दावरून आलं आहे. सावलीची बाई. शिष्याला भीतीही तिचीच आणि छत्रही तिचंच.

कू खुलिनचं नाव आलंच आहे, तर 'तान बो कूल्न्य' या कथेकडे वळू. एका बैलासाठी झालेल्या युद्धाची ही कथा. मेव राणीची फौज अल्स्टरवर चालून येते, अल्स्टरचे सगळे पुरुष एका शापामुळे प्रसूतीच्या वेदनांनी आडवे झालेले असतात, आणि एकटा तरुण कू खुलिन सीमा राखतो. या कथेत वीराला चढतो तो आवेश भयंकर आहे. अंग उलटंपालटं होतं, एक डोळा आत ओढला जातो, दुसरा बाहेर येतो, आपलं कोण आणि परकं कोण हे त्याला कळेनासं होतं. जुन्या आयरिशमध्ये याला 'रिअस्त्रद' म्हणत. लेडी ग्रेगरीनं 1902 मध्ये ही कथा इंग्रजीत सांगितली तेव्हा हा भाग फार सौम्य केला. तिच्यासमोर असा आक्षेप होता की आयरिश साहित्यात उदात्त काही नाही. त्याला उत्तर द्यायचं तर वीर उदात्तच हवा होता. तिची अडचण मला समजते. पण त्या उत्तरापायी आयरिश शौर्यातला उन्माद पुसला गेला. आजच्या आयरिशमध्ये 'दासख्त' म्हणजे साहस. जुन्या भाषेत त्याच शब्दाचा अर्थ वेड असा होता. टॉमस किन्सेलानं 1969 च्या अनुवादात तो पिळवटलेला देह जशाचा तसा ठेवला आणि त्यासाठी इंग्रजीत एक नवा जोडशब्द घडवला. 2007 मध्ये कीरन कार्सननं त्यासाठी पीळ सांगणारा यंत्रशास्त्रातला शब्द घेतला. हे दोघं कवी होते आणि दोघांनीही वाचकाला दचकू दिलं. मी त्यांच्या बाजूचा आहे.

याच कथेतला फर्दिया हा कू खुलिनबरोबर शस्त्रविद्या शिकलेला, त्याच्या भावासारखा मित्र. त्याला मित्राशी लढायचं नसतं. मेव त्याच्याकडे कवी पाठवते. त्या काळच्या आयर्लंडमध्ये कवीच्या निंदेनं माणसाच्या चेहऱ्यावर फोड उठतात अशी समजूत होती, आणि बेअब्रूपेक्षा मरण बरं मानलं जाई. फर्दिया येतो तो त्या निंदेच्या धाकानं. मग नदीच्या उथळ पाण्यात दोघं दिवसामागून दिवस लढतात, रात्री कू खुलिन मित्राच्या जखमांसाठी औषध पाठवतो आणि फर्दिया त्याला अन्न पाठवतो, आणि शेवटी फर्दिया मरतो. त्याला शूर म्हणायचं की भ्यालेला? मूळ कथेला हा प्रश्न पडत नाही. तिथं भीती आणि शौर्य एकाच माणसात, एकाच कारणानं नांदतात. इंग्रजी सरदारी परंपरेचे शब्द घेऊन आलेल्या अनुवादकाला मात्र फर्दियाचं काय करावं ते समजेना.

पुढं याच कू खुलिनचा राष्ट्रपुरुष झाला. स्वतःला खांबाला बांधून उभ्यानं मरणाऱ्या कू खुलिनचा ऑलिव्हर शेपर्डनं घडवलेला ब्राँझचा पुतळा 1935 मध्ये डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयात इंग्रजांविरुद्धच्या 1916 च्या उठावाचं स्मारक म्हणून बसवला गेला. त्या उठावात पॅट्रिक डिनीनच्या 1904 च्या आयरिश-इंग्रजी कोशाच्या छपाईच्या पट्ट्याही नष्ट झाल्या, आणि त्यानं वाढवलेला कोश 1927 मध्ये नव्यानं काढला. एका कोशकारानं आपल्या कामाचा असा नाश पाहून पुन्हा कामाला बसणं, याचाही समावेश मी धैर्याच्या कथांत करतो.

आता धैर्याचे शब्द. 'क्रोगा' म्हणजे शूर. 'कॅलमा' म्हणजे पराक्रमी. 1944 मध्ये आयरिश सैन्यानं शौर्यपदक स्थापन केलं तेव्हा त्याच्या नावात याच शब्दाचं भाववाचक रूप घेतलं. 'लेख' म्हणजे वीर, आणि हा शब्द लॅटिनमधल्या 'धर्मगुरू नसलेला सामान्य माणूस' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. 'दाना' म्हणजे धाडसी आणि खोडकरही, आपल्या 'धीट'सारखा. आयर्लंडच्या इंग्रजीत आजही आई खोडकर पोराला 'बोल्ड' म्हणते, ते यावरूनच. डोनेगॉलकडे 'उख्तख' म्हणतात. 'उख्त' म्हणजे छाती. 'माझी छाती होत नाही' असं म्हणणाऱ्याला हा शब्द समजावून सांगायची गरजच नाही.

पण या सगळ्यांत लोकांच्या ओठांवर असणारा शब्द मिश्नाख. इंग्रजी कोश त्यापुढं 'करेज' लिहितो, आणि तिथं मोठी चूक होते. शब्द पारखायचा तर त्याचा विरुद्धार्थी पाहावा. 'करेज'च्या विरुद्ध भेकडपणा. मिश्नाखला नकाराचा उपसर्ग लावला की होतं 'मी-विश्नाख', आणि त्याचा अर्थ खचलेपण, उमेद जाणं. भेकडाला आयरिशमध्ये वेगळे शब्द आहेत. मिश्नाख देता येतो, घेता येतो, हरवतो, परत येतो. आजारी माणसाचा मिश्नाख चांगला आहे असं म्हणतात. हा आपला धीर आहे. धीर देतात, धरतात, तो सुटतो, खचतो. इंग्रजीत शंभर वर्षं ज्याला नेमका जोडीदार सापडला नाही, तो शब्द मराठीत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेल्या कुठल्याही आजीच्या तोंडी आहे.

याचा परिणाम कुठं होतो ते सांगतो. ग्रेट ब्लास्केट बेटावरच्या पेग सेयर्सनं आपली जीवनकथा मुलाला सांगून लिहवली. ती 1936 मध्ये आली आणि ब्रायन मॅकमहॉननं 1974 मध्ये ती इंग्रजीत नेली. पेगचा एक मुलगा कड्यावरून पडून गेला, आणि छिन्न झालेला त्याचा देह तिनं स्वतःच्या हातांनी सावरला. अशा प्रसंगी तिच्याकडे धैर्य होतं असं लिहिलं की बाई वीरांगना होते आणि एकटी पडते. तिनं धीर धरला असं लिहिलं की तिच्याभोवती बेट उभं राहतं, शेजारणी येतात, प्रार्थना येते. धीर एकट्याचा नसतो. 1953 मध्ये ते बेट रिकामं करण्यात आलं, कारण एकमेकांना धीर द्यायला पुरेशी माणसंच तिथं उरली नव्हती.

2010 मध्ये डब्लिनच्या उत्तरेच्या बालीमन या वस्तीत जॉन बर्न या शिल्पकाराचा एक पुतळा उभा राहिला. खोगीर नसलेल्या उमद्या घोड्यावर रोजच्या कपड्यांतली एक मुलगी बसली आहे. पुतळ्याचं नाव 'मिश्नाख'. त्यातला घोडा मात्र जुना आहे. फील्डमार्शल ह्यू गफ याच्या स्मारकातल्या घोड्याची ती प्रतिकृती. हा गफ लिमरिकचा. 29 डिसेंबर 1843 रोजी ग्वाल्हेरजवळ महाराजपूरला शिंद्यांच्या फौजेचा ज्या इंग्रजी सैन्यानं पराभव केला, त्याचा सेनापती. त्याचा पुतळा फिनिक्स पार्कमध्ये 1880 पासून होता. 1944 मध्ये त्याचं डोकं कापलं गेलं आणि 1957 मध्ये तो सुरुंगानं उडवला गेला. आज त्याच्या घोड्यावर बालीमनची पोर बसली आहे. ज्या वस्तीतले उंच मनोरे पाडून लोकांना पुन्हा घरं बांधून दिली जात होती, तिथं शौर्यपदकातला शब्द न वापरता मिश्नाख वापरला, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

हे सगळे प्रश्न आता केवळ साहित्याचे राहिलेले नाहीत. 1 जानेवारी 2022 पासून युरोपीय संघाच्या कायद्यांत आयरिशला पूर्ण दर्जा मिळाला, म्हणजे निर्वासितांबद्दलचे कायदेही आता आयरिशमध्ये येतात. निर्वासित कोण, हे 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याच्या छळाच्या साधार भीतीवरून ठरतं. ती भीती कुणामुळे त्याच्यावर आली, हे कायद्याला विचारावंच लागतं. ज्या भाषेत भीती अंगावर येते, तिच्यात हा प्रश्न वाक्यातच बसलेला असतो.

पुन्हा साहित्याकडे येऊ. अनुवादात होणाऱ्या या नुकसानीबाबत काही आयरिश कवींनी वेगवेगळे मार्ग धरले. नूला नी गोनिल यांनी आपल्या कविता इंग्रजी अनुवादासाठी तेरा कवींच्या हाती दिल्या. तो संग्रह 1990 मध्ये आला. बिडी जेंकिन्सन या नावानं लिहिणाऱ्या कवयित्रीनं मात्र आयर्लंडमध्ये आपल्या कवितांचा इंग्रजी अनुवाद होऊ दिला नाही. सगळंच नुकसान न होता इंग्रजीत साठवता येतं, या समजाला तिचा विरोध आहे. इतर भाषांना तिची हरकत नाही. हा दरवाजा आपल्यासाठी उघडा आहे, असं मी समजतो.

म्हणून इथं बसलेल्या तरुण अनुवादकांना माझी एक विनंती आहे. आयरिश साहित्य इंग्रजी अनुवादावरून मराठीत आणण्याची घाई करू नका. आयरिश शिका. नील ओ डोनल यांचा 1977 चा आयरिश-इंग्रजी कोश आणि तोमास दे वालद्राहा यांचा 1959 चा इंग्रजी-आयरिश कोश 'टियांगलान' या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, आणि तिथं हजारो शब्द तीनही बोलींत ऐकताही येतात. तोमास ओ क्रिहन यांचं ब्लास्केटवरचं 1929 चं आत्मचरित्र थेट आयरिशमधून मराठीत आणायला कुणीतरी हातात घ्या. भीतीचे आणि धीराचे जे शब्द इंग्रजीला सापडले नाहीत, ते त्या कामात आपल्या भाषेत तयार सापडतील. आणि संयोजकांना विनंती की, त्या अनुवादाचं पहिलं प्रकरण हाती आलं की त्या अनुवादकाला याच व्यासपीठावर बोलवा.